आत्याची नवी खोली

गिरगावातल्या खोताच्या वाडीत आत्याचं घर. बेडरूम वर, बाथरूम खाली, मधे बाहेरून चढणारा लाकडी जिना. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर तिला तो चढवेना. हेरिटेज नियमांत वाडी येते, म्हणजे खालची खोली वाढवायलाही परवानगी आलीच. मी उत्साहात जुन्या स्टाइलची नक्षीदार खोली सुचवली. आर्किटेक्ट मैत्रीण हसलीच. "सिनेमाचा सेट वाटेल गं!" तिने मागच्या अंगाला, कौलांच्या वळचणीखाली मावेल अशी बुटकी, साधी खोली काढली. नवी ती नवीच दिसणारी. मूळ भिंत आणि तिच्यामधे काचेची अरुंद पट्टी. उद्या खोली पाडली तरी भिंतीला धक्का नाही. गल्लीतून तर दिसणारही नाही. मी जाम खूश. आत्या प्लॅन बघत राहिली. "म्हणजे मी आता वर जायचं नाही, असं ठरलं तर." मैत्रिणीने पेन्सिल खाली ठेवली.