पोटाचे औषध आणि छातीचा खोकला

औषध ज्या अवयवासाठी घ्यावे तेथेच त्याचे कार्य संपते, असा पुष्कळांचा समज असतो. पोटाच्या गोळीचा छातीशी काय संबंध, असे सहज वाटते. परंतु औषध रक्तात मिसळले म्हणजे सर्वांगी संचार करते आणि क्वचित भलत्याच ठिकाणी उपद्रव देते. आतड्यांच्या जुनाट दाहावरील औषधे वर्षानुवर्षे घ्यावी लागतात. म्हणून ज्या घरी असा रोगी आहे त्या घराने ही गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी.

या दाहाचे मुख्य प्रकार दोन : अल्सरेटिव्ह कोलायटिस व क्रोन्सचा विकार. त्यांवरील जुने औषध सल्फासालाझिन. स्वीडनमधील विदुषी डॉक्टर नाना स्वार्ट्झ यांनी ते मूळ सांध्यांच्या दाहासाठी योजिले होते. आमच्या व्याकरणाच्या भाषेत तो एक समासच होय. सल्फापायरिडिन व मेसालामिन ही त्यातील दोन पदे. मोठ्या आतड्यातील जंतू त्याचा विग्रह करतात. पुढे मेसालामिन हे पद सुटेच देऊ लागले. ही औषधे बहुतेकांस मानवतात. परंतु विरळा एखाद्याच्या फुफ्फुसांस त्यांनी सूज येते.

आमच्या पुतण्यास असेच झाले. मेसालामिन सुरू होऊन दोन महिने लोटले होते. पावसाळ्यात कोरडा खोकला लागला, तेव्हा दोष अर्थातच हवेवर गेला. अडुळशाचा काढा झाला, खोकल्याची बाटलीही संपली. जिना चढताना त्यास धाप लागते, हे सूनबाईने हेरले. तिने चालू गोळ्यांची सर्व पाकिटे डॉक्टरांपुढे ठेवून सरळ प्रश्न केला. छातीचे चित्र काढले, रक्त तपासले, क्षय नाही याची खात्री केली. मग डॉक्टरांनी ते औषध बंद करून दुसरे दिले. काही आठवड्यांत खोकला ओसरला.

याच विकारावर दिल्या जाणाऱ्या मेथोट्रेक्सेटनेही फुफ्फुसांस दाह होऊ शकतो. इन्फ्लिक्सिमॅबची गोष्ट निराळी. क्षयाचे जंतू कित्येकांच्या शरीरात निपचित असतात. शरीराने त्यांस तट बांधून कोंडलेले असते. तो तट सांभाळणारे द्रव्यच हे औषध अडविते. क्रोन्सच्या विकारासाठी अमेरिकेत त्यास १९९८ साली मान्यता मिळाली, आणि २००१ साली ते घेणाऱ्यांतील क्षयाची ७० उदाहरणे तेथील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली. जगात सर्वाधिक क्षयरोगी आपल्या देशात आहेत. म्हणून हे औषध सुरू करण्यापूर्वी छातीचे चित्र व सुप्त क्षयाची चाचणी करतात. घरात पूर्वी कोणास क्षय झाला असल्यास तो संकोचाने लपवू नये.

प्रत्येक खोकला औषधाचाच असतो असे मात्र नव्हे. तो साध्या पडशाचा असेल. क्वचित मूळ विकारही श्वासनलिकांपर्यंत पोहोचतो. हा निवाडा घरी बसून होणारा नव्हे. आपल्याच विचाराने गोळ्या सोडल्यास आतड्यांचा दाह पुन्हा उसळण्याचे भय असते. यास्तव कोरडा खोकला, धाप वा बारीक ताप रेंगाळल्यास पोटाच्या डॉक्टरांस तत्काळ कळवावे. आणि छातीच्या डॉक्टरांकडे जाताना पोटाच्या गोळ्यांची यादी, त्या केव्हा सुरू झाल्या त्या तारखांसह, जवळ ठेवावी.