जर्सीवरचं नाव आणि पॅव्हेलियनबाहेरचा चहा



क्रिकेटवर मी लिहावं असं कुणालाच वाटणार नाही. वस्तीत माझं काम म्हणजे बचत गट, शिष्यवृत्तीचे फॉर्म आणि शाळा सुटलेल्या मुली. पण यंदा जानेवारीत आमच्या पोरांच्या टेनिस बॉल टीमची जर्सी ठरवायची होती आणि त्या चर्चेत मी अडकले. प्रकरण जर्सीपुरतं राहिलं नाही, म्हणून हा लेख.

आमची वस्ती पुणे स्टेशनच्या मागची. संध्याकाळी पोरं विहाराच्या पायऱ्यांवर बसतात आणि रोज एकच भांडण असतं: सचिन मोठा की विराट? धोनीला कितव्या नंबरवर ठेवायचं? भारताची कोणत्या वर्षाची जर्सी सगळ्यात भारी? एकाला १९९२ च्या विश्वचषकातली गडद निळी आवडते, तर दुसऱ्याला २०११ ची. जी टीम खेळत होती तेव्हा यातले निम्मे जन्मलेलेही नव्हते, पण रंगाची छटा, बाहीवरचा पट्टा, लोगोची जागा सगळं तोंडपाठ. मी मनात म्हणायचे, इतका अभ्यास पोरांनी पुस्तकांचा केला असता तर! आज मला तो विचार चुकीचा वाटतो. ही मुलं चिन्हांचा अभ्यास करत होती. मी समाजशास्त्रात एम.ए. करताना जे वर्गात शिकले, तेच त्यांचं पायऱ्यांवर चाललेलं होतं.

शहराच्या दुसऱ्या टोकाला एक स्पर्धा होती. प्रवेश फी पोरांनी वर्गणी काढून भरली. जर्सी निळी, छातीवर पिंपळाचं पान आणि खाली 'जय भीम', असं डिझाइन एकाने मोबाईलवर केलं. ते आयोजकांना पाठवलं आणि रात्री फोन आला: "जातीचा लोगो चालणार नाही. स्पर्धेत वाद नकोत. साधं काहीतरी टाका."

आता याच स्पर्धेच्या बॅनरवर इतर टीमचे लोगो होते. कुणाची तलवार, कुणाचा त्रिशूळ, कुणाचं सिंहासन. दोन टीमच्या तर नावातच जात होती. ते सगळं 'साधं'. आमचं पान तेवढं 'जातीचं'.

प्रामाणिकपणे सांगते, मी काय केलं. मी पोरांना म्हणाले, "जाऊ द्या रे, काढून टाका. खेळायला मिळणं महत्त्वाचं." वीस जणांचे पैसे अडकले होते. भांडण झालं असतं तर पोलीस स्टेशनच्या पायऱ्या चढायला मलाच जावं लागलं असतं, आणि मी दमलेली होते. तेव्हा आमचा विकेटकीपर, दहावीतला पोरगा, म्हणाला, "ताई, मग आपण काय टाकायचं? वाघ? आपण वाघ कधी होतो?" सगळे हसले. मला हसू आलं नाही.

'खेळात राजकारण नको' हे वाक्य आपण सगळ्यांनी ऐकलंय. हे म्हणणाऱ्याला स्वतःचं राजकारण दिसत नाही, कारण ते सगळीकडे पसरलेलं असतं. भारतीय क्रिकेट मंडळाचा लोगो नीट बघा. तो तारा 'स्टार ऑफ इंडिया' या ब्रिटिश सन्मानचिन्हावरून आलेला आहे. १८५७ च्या उठावानंतर, १८६१ मध्ये, राणीशी निष्ठावान राहणाऱ्या संस्थानिकांना आणि अधिकाऱ्यांना देण्यासाठी तो सन्मान सुरू झाला. आज करोडो लोक तो छातीवर लावून 'भारत माता की जय' म्हणतात आणि कुणाला काही खटकत नाही. २०१९ च्या विश्वचषकात इंग्लंडविरुद्ध भारत भगव्या-नारिंगी जर्सीत उतरला. दोन्ही संघ निळे, म्हणून एकाने रंग बदलायचा, इतकं साधं कारण दिलं गेलं, तरी देशभर वाद झाला. म्हणजे रंग नुसता रंग नसतो, हे सगळ्यांना माहीत आहे. फक्त आमचा निळा समोर आला की त्यांना तो अचानक आठवतो.

दुसऱ्या दिवशी मी पोरांना घेऊन बंडगार्डन रस्त्याने चालत पूना क्लबच्या भिंतीपर्यंत गेले. आमच्या वस्तीपासून लांब नाही. पोरं रोज तिथून जातात, आत कधी गेलेली नाहीत. तिथे उभं राहून त्यांना मी पालवणकर बाळूंची गोष्ट सांगितली.

पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, चांभार समाजातला एक तरुण मैदान राखायला होता. पगार महिना चार रुपये. खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, नेट लावायचं. फावल्या वेळात गोऱ्या साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करायची, तीही तासन्‌तास. बॅट हातात द्यायची पद्धत नव्हती. बॅटिंग साहेबाची, घाम बाळूंचा. या घामातून डावखुरी फिरकी तयार झाली. गोऱ्यांना हरवायचं तर हा गोलंदाज हवा, हे पुण्यातल्या हिंदू क्लबाच्या लक्षात आलं आणि बाळूंना संघात घेतलं गेलं. मैदानावर ते टाकतील तो चेंडू सगळ्यांच्या हाताला चालायचा. चहाच्या वेळी मात्र सगळे पॅव्हेलियनमध्ये आणि बाळू बाहेर. त्यांचा चहा मातीच्या वेगळ्या भांड्यात. जेवणही वेगळं.

मग प्लेगच्या काळात ते मुंबईला गेले आणि तिथे 'हिंदू' संघाकडून खेळू लागले. तेव्हा मुंबईचं मोठं क्रिकेट धर्माच्या नावावरच चालायचं: युरोपियन, पारशी, हिंदू आणि १९१२ पासून मुस्लिमही. म्हणजे संघाचं नावच 'हिंदू' आणि त्या संघाला जिंकून देणारा माणूस देवळात जाऊ शकत नव्हता. जर्सीवरचं नाव आणि जर्सीच्या आतला माणूस यांच्यातलं अंतर यापेक्षा स्पष्ट कुठे दिसेल?

१९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली भारतीय संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला. बाळूंनी मात्र दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. तेव्हा ते पस्तिशीत होते. हा आकडा ऐकल्यावर पोरं गप्प झाली. आकड्यांची भाषा त्यांना कळते. एकाने विचारलं, "मग कॅप्टन कधी झाले?" नाही झाले. वर्षानुवर्षे मागणी होऊनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना अधिकृतपणे मिळालं नाही. १९२० मध्ये त्यांचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी या अन्यायाविरुद्ध सामन्यातून माघार घेतली. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कर्णधार झाले आणि हिंदू संघ जिंकला. विठ्ठल यांनी पुढे मराठीत आत्मचरित्रही लिहिलं. 'माझे क्रीडा-जीवन' किती मराठी घरांत आहे?

आता पोरांच्या रोजच्या भांडणाकडे येऊ. मोठा खेळाडू कोण? आपण धावा मोजतो, बळी मोजतो, शतकं मोजतो. ठीक आहे, मोजावीत. पण एकाला खेळपट्टी तयार मिळते आणि दुसरा आधी ती स्वतः झाडतो, मग त्यावर गोलंदाजी करतो. दोघांचा आकडा सारखा धरायचा का? माझं म्हणणं एवढंच आहे की, मोठेपणाच्या हिशोबात मैदानाबाहेरचा खर्चही धरा. देशातल्या मुख्य प्रथम श्रेणी स्पर्धेला नाव रणजितसिंहजींचं आहे. ते मोठे फलंदाज होते, यात वाद नाही. पण त्यांचे पंधराही कसोटी सामने इंग्लंडकडून होते आणि ते नवानगरचे जामसाहेब होते. ट्रॉफीवर कुणाचं नाव कोरायचं हे आकडे ठरवत नाहीत. ते नाव कोरणारे हात ठरवतात.

आणि हे जुनं आहे असं समजू नका. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य सामन्यात भारताच्या महिला हॉकी संघाचा अर्जेंटिनाकडून पराभव झाला. काही दिवसांपूर्वीच दक्षिण आफ्रिकेविरुद्ध हॅटट्रिक करणाऱ्या वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके फोडून जातीवाचक शिवीगाळ झाली. तशी तक्रार तिच्या कुटुंबाने पोलिसांत दिली. अंगावर देशाची जर्सी होती. ती जिंकेपर्यंतच देशाची राहिली. त्याच ऑक्टोबरात भारताचा क्रिकेट संघ दुबईत वंशभेदाविरुद्ध गुडघ्यावर बसला. मला त्याचा आनंदच झाला. पण वंदनासाठी कुणी गुडघा टेकल्याचं मला आठवत नाही.

पोरांनी ठरवलं, जर्सीवर बाळूंचं नाव टाकायचं. इथे खरा वाद सुरू झाला, आणि तो बाहेरच्यांशी नव्हता.

विहारातले आमचे एक ज्येष्ठ काका नामांतराच्या लढ्यात तुरुंगात जाऊन आलेले आहेत. ते म्हणाले, "पोरी, तुला माहीत आहे ना, १९३७ च्या निवडणुकीत हा माणूस मुंबईत काँग्रेसच्या तिकिटावर बाबासाहेबांच्या विरोधात उभा होता? पुणे करारावर त्याची सही आहे. त्याचं नाव आपल्या पोरांच्या छातीवर?"

काका खरं बोलत होते. बाळू १९३७ मध्ये उभे राहिले आणि हरले. ते गांधीजींच्या बाजूचे होते. त्यांचं राजकारण मला पटत नाही, आणि ते लपवून त्यांना डोक्यावर घेणं हा खोटेपणा होईल. पण मी काकांना तीन गोष्टी सांगितल्या.

पहिली, इतिहासकार रामचंद्र गुहा नोंदवतात की बाळूंच्या सत्काराच्या मानपत्राशी तरुण भीमरावांचं नाव जोडलेलं आहे. पुढे मार्ग वेगळे झाले म्हणून आधीचा आदर खोटा ठरत नाही.

दुसरी, २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी राजकारणातल्या विभूतिपूजेविरुद्ध स्पष्ट इशारा दिला होता. मग आपण कसोटी कोणती लावतो? क्रिकेटचे चाहते एका खेळाडूला देव करतात आणि त्याच्यावर टीका केली की अंगावर येतात. बाबासाहेबांच्या विरोधात उभा राहिला म्हणून त्याची गोलंदाजीही पुसून टाकायची, हेही भक्तांचंच वागणं आहे. राजकारणात चुकलेला माणूस गोलंदाज म्हणून मोठा असू शकतो. दोन्ही गोष्टी एकत्र धरायला बुद्धी लागते, आणि बुद्धाने आपल्याला तीच वापरायला सांगितली.

तिसरी गोष्ट सांगताना माझा आवाज खाली आला. बाळू आपल्या वस्त्यांत अनोळखी राहिले ते फक्त १९३७ मुळे का? ते चांभार होते, आपण पूर्वाश्रमीचे महार. जयंतीच्या बॅनरवर आपण किती वेळा त्यांच्या माणसांना जागा दिली? आमच्या विकेटकीपरचं घर चर्मकार समाजाचं आहे. तो ही सगळी चर्चा ऐकत एका कोपऱ्यात बसला होता.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "टाका. पण फोटोत बाबासाहेबांच्या शेजारी नको." पोरांनी मान्य केलं. काकांचं मत बदललं असं मी म्हणणार नाही. त्यांनी जागा दिली, एवढंच.

शेवटी जर्सी निळीच झाली. पान राहिलं, 'जय भीम' गेलं, पाठीवर सगळ्यांच्या नावांच्या वर लहान अक्षरांत 'बाळू' आणि छातीवर ११४. आयोजकांनी विचारलं, हा कसला नंबर? आमच्या कीपरने त्यांना गोष्ट सांगितली, चहाच्या भांड्यासकट. ते ऐकून कुणी काही बोललं नाही. दुसऱ्याच फेरीत आम्ही हरलो, आणि पोरं घरी येईपर्यंत अंपायरला शिव्या देत होती.

पण 'जय भीम' काढला गेला आणि तो काढा असं मी आधी म्हणाले, हे मला टोचतं. आकडा छापणं ही हुशारी होती, लढाई नव्हती. ११४ चा अर्थ सांगितल्याशिवाय कळत नाही. 'जय भीम' न सांगता कळतो, म्हणून तर त्यांना तो नको होता. पुढच्या वेळी ते दोन शब्द काढायला सांगणाऱ्याने बॅनरवरची तलवार आणि त्रिशूळही आधी काढावेत, ही अट आम्ही लेखी देणार आहोत. स्पर्धेबाहेर काढलं तर निघू, पण कारण लेखी घेऊन निघू.

तुमच्या गावात, तालुक्यात टेनिस बॉलच्या स्पर्धा होतातच. बॅनरवरचे लोगो एकदा बघा. कोणता 'साधा' आणि कोणता 'जातीचा' हे कोण ठरवतंय, ते विचारा. आणि पोरं पुन्हा सचिन मोठा की विराट यावर भांडायला बसली की त्यांच्यात बसा, त्यांना हाकलू नका. फक्त त्या यादीत आणखी एक नाव टाका आणि आकडा सांगा.

नमो बुद्धाय, जय भीम!