कातळाखालची पाण्याची वाट

चेन्नईला जाणारा मराठी माणूस आधी मरीना बीच गाठतो, मग मैलापूरचं कपालीश्वर मंदिर आणि मग टी. नगरातली साड्यांची दुकानं. त्यामुळे हे शहर सगळं वाळूवरच वसलंय, अशी त्याची समजूत होते. पण मीनंबाक्कम विमानतळावर उतरताना खिडकीतून जरा खाली पाहा. पल्लावरमच्या बाजूला काळसर खडकाच्या टेकड्या दिसतात. समुद्राकाठी वाळू आणि इथे चक्क कातळ! अशा जमिनीत पाण्याचा नळ न्यायचा म्हणजे काय दिव्य असतं, ते या भागात फिरल्यावर कळतं.

चेन्नई बीच ते तांबरम या लोकलने सेंट थॉमस माउंट स्टेशनवर उतरावं. तमिळ माणूस या टेकडीला परंगीमलै म्हणतो. वर पोर्तुगीजांच्या काळातलं चर्च आहे, आणि पायऱ्या चढून गेलं की अर्धं शहर नजरेत मावतं. इथल्या खडकाचीही एक गंमत आहे. कोलकात्यात जॉब चार्नॉक या इंग्रजाची कबर आहे. तिच्यावरचा दगड याच परिसरातला. भूगर्भशास्त्रज्ञ थॉमस हॉलंड यांनी 1893 मध्ये या खडकाला चार्नॉकच्या नावावरून ‘चार्नोकाइट’ म्हटलं. कबरीला शोभणारा हा दगड चर खणणाऱ्याचा मात्र घाम काढतो.

ट्रॅक्टर आणि पहार

वाळूत किंवा मातीत जेसीबी दिवसभरात लांबच लांब चर पाडतो. कातळ लागला की त्याचे दात नुसते घासत राहतात. मग बोलवावा लागतो ट्रॅक्टर. आपल्याकडे विहिरीच्या कामावर असतो तसाच, मागे काँप्रेसर बसवलेला. ट्रॅक्टरचं इंजिन हवा दाबतं आणि रबरी नळीच्या टोकाची ड्रिल खडकात भोकं पाडते. शेतात त्या भोकांत सुरुंग भरता येतो. शहरात दोन्ही बाजूंना घरं, तिथे बार कसा उडवणार? मग भोकं जवळजवळ घ्यायची, पाचर ठोकायची, पहारीने ढलपा उचकटायचा. या कामात तमिळ माणूस तरबेज. आपल्या गावात बोअर मारायला येणाऱ्या गाडीची नंबरप्लेट आठवा. बऱ्याचदा ती तमिळनाडूची असते. तिथलं तिरुचेनगोड हे गावच मुळी बोअरच्या गाड्यांसाठी देशभर ओळखलं जातं.

पण खणलं म्हणजे झालं असं नाही. खडकाचं एखादं टोक पाइपाखाली राहिलं, तर वरून जाणाऱ्या गाड्यांच्या वजनाने पाइप नेमका तिथेच फुटतो. म्हणून चर गरजेपेक्षा वीतभर जास्त खोल घेतात आणि तळाला वाळूची गादी घालतात. तिच्यावर पाइप, सांधे जोडले की पाणी दाबून गळतीची परीक्षा, मग भोवती आणि वर पुन्हा वाळू. फोडलेले दगड सगळ्यात शेवटी. घाईत ते थेट पाइपावर लोटले, की दोन वर्षांत तोच रस्ता पुन्हा खणायची पाळी येते.

दोनशे पस्तीस किलोमीटर

गल्लीतल्या पाइपाची ही कथा, तर शहराला पाणी आणणाऱ्या मोठ्या नळाची काय असेल? मद्रासला पद्धतशीर पाणीपुरवठा सुरू झाला 1872 मध्ये, रेड हिल्सच्या तलावातून. शहर वाढलं आणि तो कमी पडू लागला. मग नजर गेली दक्षिणेकडच्या वीराणम तलावाकडे. चोळ राजांनी दहाव्या शतकात बांधलेला हा तलाव कावेरीच्या पाण्यावर भरतो. 1960 च्या दशकाअखेरीस योजना निघाली, काँक्रीटचे अजस्र पाइप तयारही झाले, पण काम अर्ध्यावर थांबलं. ते पाइप वर्षानुवर्षं रस्त्याच्या कडेला पडून राहिले. ज्यांना डोक्यावर छप्पर नव्हतं, त्यांनी त्यातच संसार थाटले. पाण्यासाठी केलेल्या पाइपात माणसं राहिली, पाणी काही आलं नाही!

अखेर 2004 मध्ये नवी योजना पूर्ण झाली. सुमारे 235 किलोमीटरची पोलादी पाइपलाइन, रोजची क्षमता 18 कोटी लिटर. परंगीमलैपासून फार दूर नसलेल्या पोरूरपर्यंत ती येते.

कृष्णेचं देणं

उत्तरेकडून येणाऱ्या पाण्याशी तर आपलं थेट नातं आहे. 1976 मध्ये महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र प्रदेश यांनी कृष्णेच्या आपापल्या वाट्यातलं प्रत्येकी 5 टीएमसी पाणी मद्रासला द्यायचं कबूल केलं. महाबळेश्वरी उगम पावणारी नदी चेन्नईच्या स्वयंपाकघरात! श्रीशैलम, सोमशिला, कंडलेरू असा वळसा घेत ते पाणी कालव्याने पूंडी जलाशयाकडे निघालं. तमिळनाडूच्या हद्दीत ते प्रथम पोचलं 1996 मध्ये, करारानंतर तब्बल वीस वर्षांनी. कालव्यात फार पाणी मुरायचं, म्हणून पुढे सत्यसाईबाबांच्या ट्रस्टने त्याचं अस्तरीकरण करून दिलं.

एवढं सगळं होऊनही 2019 च्या उन्हाळ्यात शहराचे चारही मोठे तलाव जवळजवळ कोरडे पडले. प्लास्टिकच्या रंगीबेरंगी घागरी, ज्यांना तिथे कुडम म्हणतात, टँकरच्या वाटेवर रांगेत उभ्या राहिल्या. 12 जुलै 2019 रोजी जोलारपेट्टहून पाण्याची पहिली रेल्वे आली. 50 वाघिणी, सुमारे 25 लाख लिटर. आपल्याला आठवते 2016 ची मिरज ते लातूर ‘जलदूत’. तिकडेही गाडी भरायला आधी स्टेशनपर्यंत पाइप टाकावाच लागला. आणि ज्यांच्या भागातून पाणी उचललं, त्या वेल्लोरकडच्या लोकांनी विचारलं, ‘आमचं काय?’

हा प्रश्न कोणत्याही कातळापेक्षा कठीण आहे. खडक काँप्रेसरने फुटतो, अंतर पाइपाने तुटतं. पण नळाच्या दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी तलाव, कुणाची तरी विहीर, कुणाचं तरी भातशेत असतंच. तमिळनाडूने 2003 मध्ये घरोघरी पावसाचं पाणी जिरवणं सक्तीचं केलं, ते याच जाणिवेतून. ऑक्टोबर ते डिसेंबर तिथे धो धो पाऊस पडतो. तो आपल्याच अंगणात मुरवला, तर तेवढं पाणी दुसऱ्याच्या दारातून आणावं लागत नाही.

चेन्नईला जाल तेव्हा मरीना पाहाच, पण एक सकाळ परंगीमलैसाठी ठेवा. आणि मुक्कामी परतल्यावर नळ सोडताना तो जरा बेतानेच सोडा. त्यातला एखादा पेला सह्याद्रीवरून आलेला असू शकतो.