आधी काय बदलायचं?

दिवाळीच्या सुटीत शारजाला गेलो होतो, आपाच्या मुलाकडे. आमच्या खेड तालुक्यात ज्या घरातलं कुणी आखातात नाही असं घर शोधावं लागतं, त्यामुळे जाण्यात नवल काही नव्हतं. नवल पुढे होतं. भाचा एसी दुरुस्तीचं काम करतो. इंडस्ट्रियल एरियात दोन मित्रांबरोबर एका खोलीत राहतो. त्या तिघांनी मिळून एक जुनी यामाहा रॅप्टर 700 घेतली होती आणि घरी कुणालाच सांगितलं नव्हतं.

या वाहनाला मराठीत काय म्हणावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. चारचाकी म्हटलं की लोकांना मोटार आठवते. दुचाकीसारखं हँडल, मोटरसायकलसारखी टांग टाकून बसायची सीट, आणि खाली चार फुगीर टायर. उर्दूतही शब्द सापडला नाही. म्हणून क्वाडच म्हणतो. रॅप्टर हा त्यातला स्पोर्ट प्रकार. 686 सीसीचं एकच सिलिंडर, मागे डिफरन्शियल नाही, एकाच कडक ॲक्सलवर दोन्ही चाकं एकत्र फिरतात. वाळूवर ती सरकत वळते, डांबरावर हट्टीपणा करते. रस्त्यासाठी ती नाहीच, पिकअपवर टाकून वाळवंटापर्यंत न्यावी लागते.

दुसऱ्याच रात्री त्याने मोबाईलवर यादी दाखवली. नवा एक्झॉस्ट, एअरबॉक्सचं झाकण काढून मोठा फिल्टर, पेट्रोलचं प्रमाण बदलणारा कंट्रोलर, पॅडल टायर, रुंद ॲक्सल. त्याच्याजवळ सहा हजार दिरहम साठले होते. ते आपाच्या घराच्या स्लॅबसाठी होते. दुलाभाई 2018 साली गेले, तेव्हापासून या पैशांचा हिशोब मी ठेवतो. म्हणजे तो मला गाडी दाखवत नव्हता, परवानगी मागत होता.

"मामू, सगळं नाही, पहिल्यांदा फक्त एक्झॉस्ट घेतो. दोन हजारात होतंय. आवाज ऐका फक्त."

त्याने व्हिडिओ लावला. आवाज खरंच सुंदर होता, ते मी नाकारत नाही. आणि तो ऐकताना माझ्या पोटात गोळा आला. त्याचं कारण त्याला माहीत नव्हतं.

मी म्हटलं, आधी गाडी बघू.

रविवारी गाडी बाहेर काढली. शारजात 2022 पासून सरकारी कचेऱ्यांना शुक्रवार ते रविवार सुटी असते. भाच्याच्या कंपनीत मात्र एकच दिवस. मी मेकॅनिक नाही, उर्दू-मराठी शिकवतो. पण बीएडच्या आधी वर्षभर गावातल्या गॅरेजात हात काळे केले आहेत, आणि गाडी तपासायची म्हणजे वही तपासण्यासारखंच असतं: शेवटच्या पानापासून सुरुवात केली की खरं काय ते कळतं. मी सीट काढायला लावली, एअरबॉक्स उघडायला लावला आणि फिल्टर बाजूला करून त्याच्या मागच्या रबरी नळीत बोट फिरवायला सांगितलं. बोट बाहेर आलं तेव्हा त्यावर पिठासारखी बारीक वाळू होती.

फिल्टरच्या अलीकडे वाळू असणं ठीक आहे, फिल्टर असतोच त्यासाठी. पलीकडे असेल तर ती इंजिनात जाते, आणि सिलिंडर व रिंग कानशीसारखी घासते. फोमचा फिल्टर कोरडा पडला होता, आणि त्याच्या काठाला ग्रीस नसल्यामुळे तो नीट बसतच नव्हता. हे इंजिन वाळू खात होतं आणि आम्ही त्याला जास्त श्वास घ्यायला लावणार होतो! फिल्टर धुऊन, पूर्ण सुकवून, त्याचं खास तेल मुरवून, काठाला ग्रीस लावून बसवला. नळी पुसून काढली. खर्च एका बिर्याणीपेक्षा कमी.

मग चाकं. प्रत्येक चाक दोन हातांनी धरून हलवलं. पुढच्या डाव्या बाजूला टकटक आली. बॉल जॉइंट गेला होता. टायरमधली हवा बघायला त्याने मोटारीचा गेज आणला, तो काट्यावरून हललाच नाही. या टायरांत चार-पाच पीएसआय एवढीच हवा असते, त्यासाठी कमी दाबाचा वेगळा गेज लागतो. मित्र इतके दिवस अंगठ्याने दाबून हवा भरत होते, आणि मागच्या दोन टायरांतली हवा सारखी नव्हती. कडक ॲक्सलवर दोन्हीकडची उंची वेगळी झाली की गाडी सरळ रेषेतही एका अंगाला ओढते.

पण सगळ्यात मोठी गोष्ट शॉकअपची निघाली. तो सांगत होता की टेकडीवरून उतरताना मागची बाजू लाथ मारते, म्हणून रुंद ॲक्सल हवाय. मी खिशातली टेप काढली (मास्तरच्या खिशात काहीतरी असतंच). मागची बाजू उचलून धरली, चाक पूर्ण लोंबकळू दिलं आणि ॲक्सलपासून सीटमागच्या नळीपर्यंतचं अंतर मोजलं. मग त्याला हेल्मेट घालून बसवलं आणि परत मोजलं. मागचं चाक वरखाली साधारण 25 सेंटीमीटर हलू शकतं. स्वार बसल्यावर त्यातलं तिसरा हिस्सा तरी खाली बसायला हवं, म्हणजे आठेक सेंटीमीटर. इथे तीनच बसलं. आधीचा मालक वजनदार असणार. त्याने स्प्रिंगवरची रिंग आवळून आवळून दगड केला होता. माझा भाचा अठ्ठावन्न किलोचा. त्याच्या खाली ती स्प्रिंग दबतच नव्हती, मग खड्डा आला की ती त्याला वर फेकणार, दुसरं काय करणार? पाना घेऊन रिंग सैल करत गेलो, मोजत गेलो. तासभर लागला. पैसे शून्य.

त्या संध्याकाळी दुबई-हत्ता रस्त्यावर बदायरला गेलो. ज्याला तिथे सगळे बिग रेड म्हणतात ती तांबडी टेकडी तिथेच आहे. वाळूची टेकडी दोन्ही बाजूंनी सारखी नसते हे मी पुस्तकात शिकवलं होतं, पायाने पहिल्यांदा कळलं. वाऱ्याकडची बाजू घट्ट आणि हळू चढणारी, पलीकडची भुसभुशीत, तीस-चौतीस अंशांचा उतार. माथ्यावर पोहोचेपर्यंत पलीकडे कोण आहे ते दिसत नाही. म्हणून जाणकार लोक क्वाडला उंच दांडीवर झेंडी लावतात. आमच्या गाडीला झेंडी नव्हती. मनगटाला बांधायची दोरीही नव्हती, जी स्वार पडला की ओढली जाऊन इंजिन बंद करते. पायाच्या आणि मागच्या चाकाच्या मध्ये जाळी लावलेला बार असतो, नर्फ बार म्हणतात, तोही नव्हता. पायरीवरून पाय घसरला की तो सरळ फिरत्या टायरखाली जातो आणि गाडी स्वतःच्याच स्वारावर चढते.

भाचा दोन फेऱ्या मारून आला. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाला, "मामू, ही दुसरी गाडी आहे."

पिकअपच्या फळीवर बसून चहा घेतला. त्याला तिथे करक म्हणतात, आपल्या 'कडक'वरूनच. तो म्हणाला, आता पाया पक्का झाला, आता एक्झॉस्ट घेऊ ना? मग मला त्याला ती गोष्ट सांगावी लागली.

2003 साली माझ्याकडे जुनी आरएक्स 100 होती. आवाजासाठी मी सायलेन्सरमधली जाळी काढली, आणि जास्त हवा मिळावी म्हणून फिल्टरचा फोमही. हवा वाढली, पण कार्ब्युरेटरमधला जेट तोच ठेवला. म्हणजे पेट्रोल तेवढंच, हवा जास्त, इंजिन आतून तापतंय. मला वाटत होतं गाडी पळतेय. दुलाभाईंची आखाताच्या नोकरीची मेडिकल होती, मुंबईहून ती करून परत येताना मी त्यांना पोलादपूरला घ्यायला गेलो. कशेडी घाटाच्या उतारावर ॲक्सिलरेटर सोडला. त्या टू-स्ट्रोक इंजिनला तेल ॲक्सिलरेटरबरोबर मिळतं, सोडला की थेंबभर. तापलेलं इंजिन सीज झालं, मागचं चाक जागेवर अडकलं. मला खरचटलं. दुलाभाईंचं गळ्याजवळचं हाड मोडलं, आणि ती नोकरी गेली. दुसरी मिळायला दीड वर्ष लागलं. तेव्हा भाचा तीन वर्षांचा होता.

घरी मी सांगितलं की घाटात रस्त्यावर तेल सांडलं होतं. एकवीस वर्षं तेच सांगत आलो.

तो बराच वेळ काही बोलला नाही. मीच बोलत राहिलो, कारण गप्प बसवत नव्हतं. सांगितलं की तुझी गाडी फोर-स्ट्रोक आहे, तेलाची ती भानगड नाही. पण इंजेक्शनचा कॉम्प्युटर ठरलेल्या नकाशाप्रमाणे पेट्रोल सोडतो, तू हवा वाढवलीस हे त्याला कुणी सांगायला हवं. म्हणून एक्झॉस्ट, फिल्टर आणि कंट्रोलर हे तीन वेगवेगळे खर्च नाहीत, एकच आहे. एकदम करता येत असेल तर कर, अर्धं करू नकोस. वाळूत जोर कमी वाटतो तर आधी पॅडल टायर घे. वल्ह्यासारख्या पट्ट्या असतात त्यांना, आणि वल्ह्याचा फरक आपल्या खाडीकाठच्या माणसाला समजावून सांगायला नको. त्यांनी इंजिनवर ओझं वाढतं, मग पुढचं चेन सॉकेट एका दाताने लहान कर. पुढे चौदा आणि मागे अडतीस असतील तर पुढचा एक दात कमी करणं म्हणजे मागे तीन वाढवण्यासारखंच, आणि खूप स्वस्त. वरचा वेग जरा कमी होईल. तुला वरचा वेग हवाय कशाला?

तो म्हणाला, "अम्मीला सांगितलंत?"

"नाही."

"मग आधी तिला सांगा. मीही गाडीचं सांगतो. मग एक्झॉस्टचं बघू."

पुढच्या आठवड्यात बॉल जॉइंट, नर्फ बार, झेंडी, दोरी आणि तो कमी दाबाचा गेज आला. हजार-बाराशे दिरहम गेले असतील, तेही तिघांत वाटून. रुंद ॲक्सल यादीतून त्याने स्वतःच खोडला. स्लॅबचे पैसे मी परत येताना बरोबर आणले.

आपाला मी घरी आल्याच्या तिसऱ्या दिवशी सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने ऐकून घेतलं, सूप उचललं आणि आत गेली. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी शाळेत जायचो, यायचो, वह्या तपासायचो. मुलांच्या चुकांवर लाल शाई फिरवताना हात जरा अडखळत होता.

शुक्रवारी दुपारी जेवायला बोलावलं. ताट पुढे ठेवत म्हणाली, "त्या वाळूच्या गाडीच्या सायलेन्सरला तर काही केलं नाहीस ना?"

मी मोबाईल काढला. भाच्याने सकाळीच फोटो पाठवला होता: हँडलवर हातमोजा, आणि मनगटापासून इंजिनच्या बटणापर्यंत गेलेली लाल गुंडाळीची दोरी. तिने चष्मा लावून तो बराच वेळ बघितला, आणि ही दोरी कशाला म्हणून विचारलं.