घाटाखालची आगबोट

भोरच्या माणसाला समुद्र गाठायचा तर वरंधा घाट उतरावा लागतो. नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेकडेनं जाताना हिर्डोशी मागं पडते, रस्ता अरुंद होत जातो, घाटमाथ्यावर चहा-भज्यांच्या टपऱ्या लागतात आणि तिथून खाली पाहिलं की कोकण. वेल्ह्याकडची माणसं मढे घाटानं उतरायची, तीही पायी. दोन्ही वाटा खाली बिरवाडी-महाडच्या अंगाला येतात आणि महाडच्या पुढं सावित्रीच्या काठावर दासगाव. मुंबई-गोवा महामार्गावरून जाताना आज ते गाव कधी आलं नि कधी गेलं कळतही नाही. पण एके काळी दासगावच्या बंदराला आगबोट लागायची. आमच्या घरानं मुंबई पहिल्यांदा पाहिली ती त्या बोटीच्या कठड्यावरून.

माझ्या आजीचं माहेर घाटाखालचं. तिचे वडील मुंबईत गिरणीत होते, त्यामुळं लहानपणी आईचं बोट धरून तिनं तो प्रवास केलेला. पुढं लग्न होऊन ती घाट चढून भोरला आली ती कायमचीच. तिचं सगळं आयुष्य नंतर चूल, भातखाचरं आणि आम्ही नातवंडं यांत गेलं. पण दुपारच्या वेळी तांदूळ निवडायला बसली की ती बोटीवर चढायची. "भरती आल्याबिगर बोट हलायची न्हाई बाबा," ती सांगायची. खाडीत पाणी संथ, दोन्ही काठांना माड नि डोंगर, तोवर बायका गप्पा मारत बसायच्या. बाणकोट आलं, खाडीचं तोंड दिसायला लागलं, की सगळ्या एकदम चिडीचूप. पहिली लाट खालून उचलायची आणि कुणाच्या तरी तोंडातून 'आई गं' निघायचं. आजीच्या आईनं पदराच्या गाठीत आल्याचा तुकडा आणि मीठ लावलेली लिंबाची फोड बांधून घेतलेली असायची. ज्याला बोट लागेल त्याच्या तोंडात ती फोड जायची, मग तो आपला असो की परका. एकाच फोडीवर चार घरची पोरं मुंबईला पोचल्याचं ती सांगे, आणि ते सांगताना हातातलं सूप थांबवी.

हरेश्वरला छोटी बोट सोडून मोठी धरायची, असंही ती म्हणायची. लहानपणी मला ते नीट कळलं नव्हतं. कळलं ते फार उशिरा, महाडच्या सत्याग्रहाबद्दल वाचताना. २४ डिसेंबर १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सुमारे दोनशे सहकाऱ्यांना घेऊन मुंबईहून 'पद्मावती' बोटीनं निघाले. संध्याकाळी हरेश्वरला उतरले, रात्र तिथं काढली. दुसऱ्या दिवशी 'अंबावती' बोटीनं दुपारी दासगावला पोचले आणि तिथून मिरवणुकीनं पायी महाडला गेले. त्याच रात्री महाडात मनुस्मृतीचं दहन झालं. चवदार तळ्याचं नाव शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. ती माणसं तिथवर आणणाऱ्या दोन बोटींची नावं मात्र कुणाच्या ओठांवर नसतात. मला ती नावं वाचून अंगावर काटा आला. माझ्या आजीनं ज्या धक्क्यावर पाय ठेवला त्याच धक्क्यावर हा इतिहास उतरला होता, आणि तिला त्यातलं काहीच माहीत नव्हतं. तिला माहीत होती लिंबाची फोड.

याच्या जेमतेम दीड महिना आधी, ११ नोव्हेंबर १९२७ ला, 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी वादळात एकाच दिवशी बुडाल्या होत्या. 'तुकाराम'वरची काही माणसं तरी वाचली. 'जयंती'वरचं कुणीच परत आलं नाही. ती बातमी किनाऱ्यावरच्या गावागावांत ताजी असताना ही दोनशे माणसं बोटीत चढली. त्यांचं धाडस महाडला पोचल्यावर सुरू झालं असं आपण समजतो. मला वाटतं, ते समुद्रातच सुरू झालं होतं.

आणि मग 'रामदास'. १७ जुलै १९४७, गटारी अमावास्येच्या तोंडावर घरी निघालेले चाकरमानी, सोबत बायकामुलं. भाऊच्या धक्क्यावरून रेवसकडे निघालेली ती बोट काशाच्या खडकाजवळ उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आलं होतं. ज्या समर्थांचं नाव त्या बोटीनं मिरवलं त्यांची शिवथरघळ आमच्या वरंध्याच्या पायथ्याशी. दासबोधाचं लेखन तिथं झालं अशी श्रद्धा आहे. पावसाळ्यात घळीसमोरचा धबधबा असा कोसळतो की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. तिथं उभा राहिलो की मला ग्रंथाच्या पाठोपाठ ती बोट आठवते. आजी 'रामदास'चं नाव निघालं की हात जोडायची. बोटीवर तिचा जीव होता. बोट पोचवते तशी नेतेही, हे तिनं लहानपणापासून ऐकलेलं.

मी स्वतः बोटीनं गेलो तो काळ निराळा. तोवर दासगावची बोट इतिहासजमा झाली होती आणि किनाऱ्यावर 'रोहिदास', 'चंद्रावती', 'कोकण सेवक', 'कोकण शक्ती' ही नावं घेतली जात. मामाबरोबर भाऊच्या धक्क्यावर पोचलो तेव्हा पहिली धावपळ जागा धरण्याची. डेकवर ज्याची सतरंजी आधी पडली त्याची ती जागा, कागदावर लिहिलेल्या नियमापेक्षा हा नियम पक्का. मामानं वळकटी सोडली, चादर लांबवली, चार कोपऱ्यांवर चार चपला ठेवल्या आणि आमचं घर झालं. शेजारी एक भजनी मंडळ. पलीकडं पिंजऱ्यात कोंबड्या नेणारी म्हातारी. खालून इंजिनाची धडधड पाठीला लागत होती आणि तेलाचा, माशांचा, भिजलेल्या दोराचा असा एक वास येत होता, जो नंतर कुठंही आला नाही. रात्री भजन रंगलं. कुणी कुणाला ओळखत नव्हतं, तरी पहाटेपर्यंत कोणाच्या मुलीचं कुठं ठरतंय, कोणाची खोली परळला रिकामी आहे, हे सगळ्या डेकला ठाऊक झालेलं.

हर्णैला मात्र माझी पाचावर धारण बसली. बोट धक्क्याला लागत नव्हती. किनाऱ्यापासून दूर पाण्यातच ती उभी राहिली आणि होडीवाले पडाव घेऊन आले. खाली पडाव लाटेबरोबर वर येई, पुन्हा माणूसभर खाली जाई. तो वर आला की उडी टाकायची. दोन खलाशी काखेत हात घालून मुलांना खाली देत होते, खालचे दोघं झेलत होते. एक गरोदर बाई होती. तिच्यासाठी सगळे थांबले. सारंगानं वरून हात केला, होडीवाल्यानं वल्हं रोवून पडाव धरला, आणि बराच वेळ कुणीही घाई केली नाही. लाटांचा जोर जरा ओसरल्यावर तिला अलगद उतरवलं, तेव्हा पडावातल्या माणसांनी सुटकेचा श्वास टाकला तो वर डेकपर्यंत ऐकू आला. आजही कोणी 'कोकणातली माणसं' म्हटलं की मला ते झेलणारे हात दिसतात.

बोटी का गेल्या, याचं उत्तर सरळ आहे. १९२८ साली महाडजवळ सावित्रीवर दगडी पूल झाला, नंतर एकेका खाडीवर पूल होत गेले. एसटी वाडीवस्तीपर्यंत पोचली. मध्यरात्री आजारी माणसाला मुंबईला न्यायचं तर बोटीची वाट पाहत कोण बसेल? ऐंशीच्या दशकात किनाऱ्यावरची ही प्रवासी वाहतूक बंद पडली आणि १९९८ मध्ये कोकण रेल्वे सबंध मार्गावर धावू लागल्यावर तिची गरजही कुणाला भासली नाही. यात मला अन्याय दिसत नाही. रस्ताही काही अमर नसतो. सावित्रीवरचा तोच जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री दोन एसटी गाड्यांसह पुरात वाहून गेला. सोय बदलते, माणूस नव्या सोयीकडे जातो, जावंच.

मला लागून राहिलेली गोष्ट वेगळी आहे. या बोटींना निरोप मिळाला नाही. पावसाळ्यात लांबच्या बोटी दरवर्षीच बंद असत. मेच्या अखेरीस शेवटची फेरी व्हायची आणि पाऊस सरला की पुन्हा सुरू. त्यामुळं त्या कायमच्या थांबल्या तेव्हाही मामासारख्यांना वाटलं, पाऊस सरू दे, येईल. तो दोन वर्षं तसंच म्हणत होता.

मोठ्या जहाजांचं नशीब निराळं. १९९० मध्ये इटलीत बांधलेली 'क्राउन प्रिन्सेस' ही रेन्झो पियानो या नामवंत वास्तुशिल्पकाराच्या हातची, डॉल्फिनच्या कपाळासारख्या पुढच्या भागामुळं ओळखली जाणारी. कितीतरी नावं बदलत ती २०१९ मध्ये 'कर्णिका' म्हणून मुंबईत आली. पुणे जिल्ह्यातली हौशी मंडळी तिच्यावरून गोव्याला जाऊन आली, माझ्या ओळखीतल्या एका शिक्षक दांपत्यानं लग्नाचा वाढदिवस तिच्यावर केला. दुसऱ्याच वर्षी साथ आली, जहाज बंदरात अडकून पडलं, आणि नोव्हेंबर २०२० मध्ये ते गुजरातेत अलंगच्या किनाऱ्यावर चढवलं गेलं. खंबातच्या आखातात भरती-ओहोटीत पाण्याचा चढउतार इतका मोठा की भर भरतीला जहाज स्वतःच्या इंजिनावर वेगानं किनाऱ्याकडं सोडतात. ओहोटी लागली की ते चिखलात बसतं आणि मग त्याचं पुन्हा पाणी पाहणं नाही. फ्रान्सची शान असलेलं 'फ्रान्स' हे जहाज १९६० मध्ये पाण्यात उतरलं, पुढं 'नॉर्वे' झालं आणि २००६ मध्ये इथंच आलं. अलंगच्या रस्त्याला दुतर्फा दुकानं आहेत. जहाजांवरच्या खुर्च्या, गाद्या, आरसे, कपबश्या, लाइफबोटी तिथं विकायला असतात. कुणी आपल्या सफरीची निशाणी म्हणून एखादी बशी जपतो. ते शिक्षक दांपत्य 'कर्णिका' वाळूत चढतानाचं चित्रण पाहताना एकमेकांशी बोललं नाही, एवढं मला त्यांच्या मुलीनं सांगितलं.

युद्धनौकेच्या वाट्यालाही काही आलं. जुनी 'विक्रांत' २०१४ मध्ये मुंबईत दारूखान्याला तोडली गेली, पण तिचं पोलाद बजाजनं घेतलं आणि २०१६ मध्ये आलेल्या 'व्ही' मोटरसायकलच्या टाकीत ते वापरलं. कापूरहोळ-भोर रस्त्यावर ती गाडी दिसली की मी मान वळवून बघतो.

दासगावच्या 'अंबावती'चं काय राहिलं? हर्णैच्या पडावांचं? दूर कशाला, आमच्या भाटघरचंच घ्या. धरणाच्या पाण्यानं वेळवंडीच्या खोऱ्याचे दोन काठ एकमेकांपासून तोडले तेव्हा लाँच हाच आधार होता. आजही उन्हाळ्यात पाणी खूप खाली गेलं की कांबऱ्याचं देऊळ उघडं पडतं आणि माणसं चिखल तुडवत दर्शनाला जातात. मी लहानपणी त्या लाँचमध्ये बसलोय. मधल्या फळीवर दुधाच्या किटल्या, पायाशी शाळेच्या पिशव्या, एखादं करडू, आणि इंजिनापाशी डोक्याला टॉवेल गुंडाळलेला चालक. पलीकडच्या काठावर कोणी हात वर केला की तो वळसा घालून जायचा, एका माणसासाठीसुद्धा. रस्ते झाले, दुचाक्या आल्या, लाँचचं येणं-जाणं संपलं. पानशेतच्या पाण्याकाठी वाढलेल्या वेल्ह्यातल्या माणसांनाही हे वेगळं सांगायला नको. त्या लाँचचा फोटो मी खूप शोधला. लग्नाच्या अल्बममध्ये, शाळेच्या कपाटात, कुठंच नाही. रोज बसायच्या गोष्टीचा फोटो कोण काढतो?

निरोपाचा समारंभ आता होणार नाही, तो काळ गेला. पण दासगावहून बोटीत चढलेल्यांची मुलं अजून आहेत, हर्णैच्या पडावात उडी मारलेले सत्तरी-ऐंशीचे लोक आहेत, भाटघर-पानशेतच्या लाँचनं शाळेला गेलेले तर पन्नाशी-साठीत आहेत. त्यांना विचारलं की ते बोलतात. मी गेल्या काही वर्षांत विचारत आलोय आणि एकानंही 'त्यात काय सांगायचं' म्हणून मला परत पाठवलेलं नाही. उलट चहा होतो, शेजारचा उठून येतो आणि 'नाही, बोट संध्याकाळीच सुटायची' म्हणून वाद घालतो. हा वाद कोणीतरी लिहून ठेवायला हवा. भोर, वेल्हे, महाड, पोलादपूर या बाजूच्या शाळांतल्या शिक्षकांनी मनावर घेतलं तर एका दिवाळीच्या सुट्टीत मुलं हे काम करतील. आजीआजोबांना विचारायचं, मोबाइलवर आवाज टिपायचा, नाव-गाव-साल वहीत लिहायचं.

तुमच्या घरात बोटीचं तिकीट, पेटीवर चिकटलेली कंपनीची चिठ्ठी, धक्क्यावरचा एखादा फोटो असेल तर रद्दीत टाकू नका. गावच्या वाचनालयात नेऊन द्या. आणि घरात ऐंशी पार केलेलं कोणी असेल तर ह्या रविवारीच त्यांच्यापाशी बसा.