समासातल्या ओळी

“मॅडम, फक्त ग्रामर बघून द्या ना.” बहुतेक मुलांचं पहिलं वाक्य हेच असतं. अमेरिकन मुलंही हेच म्हणतात, फक्त ‘मॅडम’ वगळून.

मी अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या रायटिंग सेंटरमध्ये काम करते. मुलांनी वेळ ठरवून यायचं, लिहिलेलं सोबत आणायचं, पाऊण तास बोलायचं. फी नाही, मार्क नाहीत. आयोवा विद्यापीठात अशी रायटिंग लॅब १९३४ मध्येच निघाली होती. पण कच्च्या मुलांना दुरुस्तीला पाठवायचं ठिकाण, ही अशा जागांची ओळख फार काळ पुसली गेली नाही. १९८४ मध्ये स्टीफन नॉर्थ यांनी ‘कॉलेज इंग्लिश’मध्ये या समजावर चांगलाच वैतागून निबंध लिहिला. समोरचा कागद नव्हे, कागद लिहिणारा सुधारायचा, असा त्यांचा आग्रह होता. आमच्या धंद्यातला प्रत्येकजण तो निबंध वाचतो. समोरच्या मुलाची मात्र उद्या सकाळी सबमिशन असते.

मी ग्रामरला लगेच हात घालत नाही. आधी प्राध्यापकांनी दिलेला प्रश्न मागते. तो अनेकांनी नीट वाचलेलाच नसतो. ‘वर्णन करा’ आणि ‘युक्तिवाद करा’ यांत फरक आहे, हे तिथे बसल्यावर लक्षात येतं. मग विद्यार्थ्याला स्वतःचं लेखन मोठ्याने वाचायला लावते. जीभ अडखळते तिथे वाक्य बहुधा बिघडलेलं असतं, आणि ते त्याचं त्यालाच ऐकू येतं.

माझं सगळ्यात आवडतं काम त्यानंतरचं. प्रत्येक परिच्छेदाशेजारी, समासात, तो परिच्छेद काय सांगतो ते एका ओळीत लिहायचं. सार्वजनिक आरोग्य शिकणारी नागपूरकडची एक मुलगी डेंग्यूवरचा पेपर घेऊन आली होती. जनजागृती करूनही डेंग्यू का हटत नाही, असा प्रश्न होता. तिने समासात लिहिलं: डेंग्यू म्हणजे काय. डास कसा वाढतो. आकडेवारी. मोहिमा. पुन्हा आकडेवारी. सहाव्या परिच्छेदापाशी पेन थांबलं. तिथे एकच वाक्य होतं, की नळाला रोज पाणी येत नाही म्हणून लोक ड्रम भरून ठेवतात. मी कागद पालथा घातला आणि म्हटलं, “आता मराठीत सांग, तुला म्हणायचंय काय?”

“लोकांना माहितीये हो सगळं. पण पाणीच येत नाही तर ड्रम रिकामा ठेवणार कोण?”

हा तिचा पेपर होता, आणि तो पाचव्या पानावर दडून बसला होता. आपल्याकडे आधी व्याख्या, मग इतिहास, मग प्रकार असं लिहायची सवय लागते. कॉलेजात जर्नलं उतरवून काढताना स्वतःचं म्हणणं कुणी विचारलेलं नसतं. तिने पहिली दोन पानं स्वतःच खोडली. पेन तिच्याच हातात होतं.

पेन आपल्या हाती घेऊ नये, हा आमच्या कामातला जुना दंडक. जेफ ब्रूक्स यांनी १९९१ मध्ये त्याची रीतसर मांडणीच केली: विद्यार्थ्याच्या शेजारी बसा, कागद त्याच्यापुढे ठेवा, उत्तर देऊ नका, प्रश्न विचारा. मला हे पटतं, पण सरसकट नाही. ‘ए’ कुठे आणि ‘द’ कुठे, हे मराठीत वाढलेल्या मुलीला “तुला काय वाटतं?” असं विचारून कळणार कसं? तिच्या भाषेत आर्टिकल नाहीच. तिथे कोडी घालणं मला आडमुठेपणा वाटतो. मी सरळ सांगते: एखादी मोजता येणारी गोष्ट पहिल्यांदा आली की ‘ए’, तीच पुन्हा आली की ‘द’. मग पुढचा परिच्छेद तिला बघायला लावते. असं सांगितल्याने लिहिणारा पांगळा होतो, असं मला तरी दिसलेलं नाही.

खरी अडचण वेळेची आहे. कच्चा खर्डा घेऊन आठवडाभर आधी येणाऱ्याला पाऊण तास भरपूर होतो. आदल्या रात्री सजवलेला, बारा पानी, पक्का मजकूर घेऊन येणाऱ्याला काही हलवायची हिंमत नसते. अशा वेळी मी समासाचा नाद सोडते. पहिलं पान आणि शेवटचं पान शेजारी ठेवते आणि दोन्हीकडे एकच गोष्ट म्हटली आहे का, एवढंच त्याला तपासायला सांगते. वेळ उरलाच तर ग्रामर.