तव्यावरचा पिझ्झा आणि दोन कॅरेट टोमॅटो

पुण्याहून नाशिकला तुम्ही कधी गेला असाल, तर चंदनापुरीचा घाट उतरल्यावर आमचे संगमनेर लागते हे तुम्हाला ठाऊकच असेल. प्रवरा आणि म्हाळुंगीचा संगम, म्हणून संगमनेर. शाहीर अनंत फंदी इथलेच. आता महामार्ग गावाबाहेरून गेला आहे, त्यामुळे मोटारीतल्या पाहुण्यांना गाव दिसतच नाही. दिसतात ती शेते, आणि हंगामात तारा-बांबूंवर चढवलेले टोमॅटोचे मळे.

माझे माहेर याच तालुक्यातले. माझी आजी टोमॅटोला बेलवांगी म्हणे, आणि तिच्या चुलीवर ती क्वचितच चढत. आज माझा धाकटा भाऊ त्याच रानात टोमॅटोच लावतो. 2023 च्या जुलैत देशभर टोमॅटोने किलोला शंभरी ओलांडली, तेव्हा ज्याच्याकडे माल होता तो राजा झाला. भावाकडे नव्हता. मग इतर सगळ्यांसारखी त्यानेही लागवड केली. सप्टेंबरात माल निघाला तेव्हा भाव पार जमिनीला टेकले होते. वडगाव पानच्या बाजारात वीस किलोच्या कॅरेटला जे पैसे सांगितले, त्यात तोडणीची मजुरी आणि टेम्पोचे भाडेसुद्धा सुटेना.

एका शनिवारी मी शाळेतून आले (तासिका तत्त्वावर भूगोल शिकवते, त्यामुळे शनिवारी लवकर सुटते), तर दारात दोन कॅरेट टोमॅटो आणि टेम्पोशेजारी भाऊ उभा. आत यायला तयार नाही.

"ताई, फेकून द्यायला हात होईना, म्हणून आणलं. शेजारीपाजारी वाट."

चाळीस किलो टोमॅटो! शेजारी वाटायला गेले, तर त्यांच्याही घरी कुणाच्या ना कुणाच्या मळ्यातून आलेलेच होते. आमच्या गावात सप्टेंबरात टोमॅटो देणे म्हणजे कोकणात नारळ देण्यासारखे.

आता पिझ्झ्याकडे वळते. माझा मुलगा नाशिकला मामेबहिणीबरोबर पिझ्झा खाऊन आला होता आणि महिनाभर त्याने माझे डोके खाल्ले होते. आमच्याकडे ओव्हन नाही. तो घ्यायचा विषय निघाला की आमचे हे विजेचे बिल पुढे करतात. तेव्हा म्हटले, टोमॅटो आहेत, तवा आहे, होऊन जाऊ दे.

दोन वाट्या मैदा नि एक वाटी कणीक घेतली. सव्वा वाटी कोमट पाण्यात चमचाभर साखर आणि लहान चमचा सपाट भरून कोरडे यीस्ट घातले. दहा मिनिटांनी फेस आला, तसे मीठ आणि दोन चमचे तेल घालून सगळे सैलसर मळले. मळायचे मात्र पुरती दहा मिनिटे, इथे आळस केला तर पोळीच होते. झाकून ठेवल्यावर पीठ तासाभरात दुप्पट झाले. थंडीत याला दोन तास सहज लागतात.

सॉससाठी टोमॅटो उकळत्या पाण्यात घालून सोलले, चिरले आणि लसणीच्या तेलावर मंद आटवले. पाणी आटून डावाला चिकटेपर्यंत थांबायचे. ओरेगॅनो नव्हता, म्हणून हातावर चोळून किंचित ओवा घातला. दोन्हींच्या वासात बरेच साम्य आहे, मुलाला फरक कळला नाही. किलोभर टोमॅटोचा जेमतेम दोन वाट्या सॉस होतो, हे लक्षात ठेवा.

पहिला पिझ्झा? सांगू नये, पण सांगते. खालून काळाकुट्ट, वर चीजचा कीस जसाच्या तसा. दुसऱ्या वेळी कडेने पाण्याचे थेंब सोडून वर झाकण घातले. चीज वितळले, पण झाकणाचे पाणी गळून सगळे गिचगिचीत झाले. ओट्याशी उभ्या सासूबाई म्हणाल्या, "अगं, नानकटाईला आम्ही झाकणावर निखारे ठेवायचो. तू वरून विस्तवच दिला नाहीस, तर वरचं भाजेल कसं?"

मी बघतच राहिले. पिझ्झ्याचे माहेर म्हणजे इटलीतले नेपल्स. तिथल्या लाकडाच्या भट्टीचे छत घुमटासारखे असते. आत चारशे अंशांच्या वर उष्णता, खाली तापलेली फरशी, वरून घुमटाची आच, आणि दीड मिनिटात पिझ्झा तयार. 2017 मध्ये युनेस्कोने या कलेला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतले. आणि त्यातले मर्म आमच्या सासूबाईंना नानकटाईवरून ठाऊक!

गॅसवर निखारे कुठले? पण घुमट होता, बिडाची कढई! दुसऱ्या शेगडीवर ती रिकामीच दहा मिनिटे मोठ्या आचेवर तापवली. इकडे जाड लोखंडी तव्यावर भाकरीएवढी पोळी एका बाजूने फोड येईपर्यंत भाजली आणि उलटली. भाजलेल्या बाजूवर पळीभर सॉस, चीज आणि कांद्या-मिरचीचे पातळ काप पसरले. गॅस बारीक केला आणि तापलेली कढई जाड फडक्याने धरून वर पालथी घातली. पोळी कढईच्या तोंडाहून लहान हवी. चार मिनिटांनी कढई उचलली, तर चीज वितळून त्यावर तपकिरी ठिपकेसुद्धा आलेले. मात्र हे लोखंडाच्या नाहीतर बिडाच्या भांड्यांनीच करा. नॉनस्टिक भांडे असे रिकामे तापवू नये, त्याचा धूर घातक असतो. आणि कढई उचलताना मुलांना ओट्यापासून लांब ठेवा.

रविवारी भावाला मुद्दाम बोलावले. तो आला, पण गप्पच होता. मुलीच्या कॉलेजची फी या तोड्यावर भरायची होती, हे मला वहिनीकडून कळले होते. त्याने दोन तुकडे खाल्ले, मग ताट जरा दूर सारून विचारले, "नाशकात याचे किती घेतात?"

"तीनशे, साडेतीनशे," मुलगा म्हणाला.

"आणि यात टोमॅटो किती?"

"पळीभर सॉस. दोन टोमॅटो धर."

तो मनातल्या मनात हिशेब करत राहिला. कॅरेटचा असणार. मी काही बोलले नाही. सासूबाईंनी त्याच्या ताटात तिसरा तुकडा वाढला, "खा रे, तुझ्याच रानातलं आहे," म्हणाल्या. तेव्हा कुठे तो हसला.

उरलेल्या टोमॅटोचा मी दोन दिवस सॉस आटवला. फ्रिजमध्ये तो आठवडाभर टिकतो, डीप फ्रीझरमध्ये काही महिने. चार डबे वहिनीसाठी दिले आणि कढईची युक्ती कागदावर लिहून दिली. फी आम्ही दोघी बहिणींनी मिळून भरली. तो घेत नव्हता, म्हणून परस्पर भरली. त्याच आठवड्यात त्याने टोमॅटोचा मळा उपटून कांद्याचे रोप टाकले. तारा आणि बांबू मात्र नीट बांधून पडवीत ठेवले आहेत.